नुसतं ‘मंजूर’ म्हणू नका, कुठलं ‘हो’ ते सांगा

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात इंग्रजीचे क्लास घेतो. अकरावी-बारावीची मुलं, थोडी नोकरीच्या इंटरव्ह्यूवाली. पण खरं सांगू का, माझं अर्धं काम वाड्यावरच्या लोकांची पत्रं वाचून द्यायचं. इंग्रजी शिकवतो म्हणजे याला सरकारी इंग्रजी पण येत असणारच असा लोकांचा समज, आणि मीही तो मोडत नाही, चहा मिळतो, मे महिन्यात घरचे मानकुराद आंबे मिळतात.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेजारचे काका असंच एक पत्र घेऊन आले. घराच्या मागे दोन खोल्या वाढवायच्या होत्या. पत्र कुठल्याशा खात्याकडून आलेलं, चार ओळींचं, मधोमध ‘नो ऑब्जेक्शन’. काकांना तेवढं वाचता आलं होतं. "सर, हरकत ना म्हणजे जालें न्हय?" मेस्ताला, म्हणजे गवंड्याला, सांगून झालेलं, चिऱ्यांचा ट्रक दुसऱ्या दिवशी येणार. मी म्हटलं काका, पंचायतीचं बांधकाम लायसन्स कुठाय? इथे फक्त एकाने एवढंच म्हटलंय की मी माझ्याकडून आड येत नाही. काका म्हणाले, आड येत नाही आणि हो म्हणतो, यात फरक तो कसला?

ट्रक आला तो आलाच. चिरे दोन महिने पावसात शेवाळत पडले, लायसन्स मागाहून आलं.

पण काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या बोलण्यात ‘हरकत नाही’ म्हणजे होच की. चहा घेणार? हरकत नाही. म्हणजे आण, साखर थोडी कमी. सरकारी कागदावर मात्र ना-हरकत दाखला म्हणजे एका खात्याने एका बाजूने हात वर केले एवढंच. घर बांधायचं तर आपल्याकडे जमिनीची सनद, म्हणजे ती जमीन घरासाठी वापरायची परवानगी, मग टाऊन प्लॅनिंगची टेक्निकल क्लिअरन्स, आरोग्य खात्याची एनओसी, मग पंचायतीचं लायसन्स, बांधून झालं की राहायला जायचा दाखला, ऑक्युपन्सी. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कशाला तरी हो म्हणतं, आणि प्रत्येक हो वेगळा असतो, आणि आपण मराठीत आणून सगळ्यांवर एकच शब्द चिकटवतो, मंजुरी. नाहीतर मान्यता. पेपरात हेडिंग येतं ‘प्रकल्पाला मंजुरी’. कोणाची? कशाला? पक्की की तत्त्वतः? ते सहाव्या ओळीत, आणि सहावी ओळ कोण वाचतो.

माझं म्हणणं साधं आहे. गोव्यात कागद इंग्रजीत, भांडण कोंकणीत आणि बातमी मराठीत असते, आणि या प्रवासात इंग्रजीतले दहा-बारा वेगवेगळे हो आपण एकाच पोत्यात भरतो. हा नुसता भाषांतराचा आळस नाही. पोत्यात भरलं की कोणी हो म्हटलं ते शोधता येत नाही, आणि ते शोधता येऊ नये अशी इच्छा असलेली माणसं आपल्या राज्यात भरपूर आहेत.

आता शब्दांकडे येऊ, क्लासमध्ये सांगतो तसंच सांगतो.

अप्रूव्ह. मुलांना मी आधी विचारतो, ‘द कमिटी अप्रूव्ह्ड द प्लॅन’ आणि ‘माय फादर डझन्ट अप्रूव्ह ऑफ माय फ्रेंड्स’ यात काय फरक? एक मुलगी म्हणाली, सर, कमिटीला प्लॅन आवडला असेलच असं नाही पण सही केली, आणि पप्पांना सही करायची गरजच नाही, त्यांचं तोंड बघितलं की कळतं. इतकं नेमकं डिक्शनरीतही मी वाचलेलं नाही. पुढे तो छोटासा ‘ऑफ’ लागला की मनातली पसंती, नाही लागला की अधिकाराची सही. मुळात लॅटिनमध्ये हा शब्द पारखून बघणे, चांगलं आहे असं ठरवणे या अर्थाचा, ‘प्रूव्ह’ त्याच घरातला. म्हणजे अप्रूव्ह करणाऱ्याने आधी तपासलेलं असलं पाहिजे.

आणि आपला मंजूर? हा अरबीतून फारशीमार्गे आलेला शब्द, ‘नजर’ त्याच कुळातला. मंजूर म्हणजे मुळात नजरेखालून गेलेलं. पाहिलेलं! हे कळलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आपल्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलात की पलीकडून काय येतं, "पळोवया". बघूया. म्हणजे शब्दाच्या मुळाप्रमाणे पळोवया म्हणणारा माणूस अर्धी मंजुरी तिथेच देऊन टाकतो, आणि व्यवहारात मात्र पळोवयाचा अर्थ काय होतो ते गोंयकाराला सांगायला नको. फायलीवर ‘सीन’ लिहून खाली सही ठोकणारे साहेबही याच घराण्यातले. सीन म्हणजे अप्रूव्ह्ड नाही, पण पुढे तीच फाईल अडकली की ‘मी फक्त पाहिली होती’, आणि तरली की ‘माझ्या सहीनेच गेली’.

एन्डॉर्स घ्या. हा मला सगळ्यात आवडणारा, कारण इथे इंग्रजी आणि मराठी नकळत एकाच जागी पोचलेत. एन्डॉर्सच्या पोटात लॅटिन ‘पाठ’ आहे, कागदाच्या पाठीवर सही करणे, चेकच्या मागे करतात तशी, बँकेच्या मराठीत पृष्ठांकन. आणि मराठीत राजकीय एन्डॉर्समेंटला आपण काय म्हणतो, पाठिंबा. त्यातही पाठच. पाठीशी उभा राहणारा माणूस निर्णय घेत नाही, आपलं नाव आणि वजन दुसऱ्याच्या निर्णयाला देतो. म्हणून आमदाराने एखाद्या प्रकल्पाला पाठिंबा दिला तर ती मंजुरी नाही, आणि उलट, मंजुरी माझ्या हातात नव्हती म्हणून पाठिंब्याची जबाबदारी पण माझी नाही असंही त्याला म्हणता येणार नाही. आपल्याकडे दोन्ही पळवाटा सर्रास चालतात.

सँक्शनवर तर एक अख्खा तास जातो. लोन सँक्शन झालं म्हणजे मिळालं, अमुक देशावर सँक्शन्स लादली म्हणजे त्याचं नाक दाबलं, शब्द तोच. मुलं वैतागतात, सर, ही कसली भाषा. मी सांगतो, अरे, पोर्तुगीजांच्या काळात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती 1950 च्या दशकात, आजी सांगायची, कांदेबटाटे बोटीने परदेशातून यायचे, ते दुसऱ्या अर्थाचं सँक्शन, आणि तिच्या नातवाला त्याच घरावर बँकेने दिलं ते पहिल्या अर्थाचं. आणि भाषेला हसायचं असेल तर आधी आपला अंगठा बघा. अंगठा उठवला म्हणजे कबूल, खरेदीखतापासून कर्जरोख्यापर्यंत. अंगठा दाखवला म्हणजे ठेंगा, फसवलं. व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला म्हणजे काय? कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये 2023 मध्ये यावरून निकाल लागला. जवस खरेदीच्या कराराचा फोटो आला, शेतकऱ्याने उत्तरात अंगठा पाठवला, मग माल दिला नाही. तो म्हणाला, मी फक्त ‘मिळालं’ असं कळवलं. कोर्ट म्हणालं, नाही, तुम्ही करार मान्य केलात, आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. आमच्या वाड्याच्या ग्रुपवर रोज जेवढे अंगठे पडतात त्यांचा हिशेब त्या कोर्टात गेला तर आख्खा वाडा गहाण पडेल.

या ‘मिळालं’ आणि ‘मान्य’ मधल्या फटीतच आमची ग्रामसभा एकदा पडली. गाव सांगत नाही. एका बांधकामाचा विषय सभेपुढे आला, तासभर आरडाओरडा, कोणी बाजूने, बरेच विरुद्ध, वेळ संपली, सेक्रेटरीने लिहिलं ‘सभेने विषयाची नोंद घेतली’. नंतर त्याच विषयावर वर गेलेल्या इंग्रजी पत्रात वाक्य निघालं की ग्रामसभेने अप्रूव्ह केलंय. नोटेडचं अप्रूव्ह्ड कधी झालं, कोणी केलं, विचारलं तर उत्तर असं की भाषांतरात थोडं इकडे तिकडे होतं हो सर. आणि सह्या? सह्या होत्या ना, दोन पानं भरून. त्या हजेरीच्या होत्या. बसायला आलो होतो म्हणून केलेली सही आणि मान्य आहे म्हणून केलेली सही यांत शाईचा काही फरक नसतो, फक्त वर काय मथळा आहे त्याचा असतो, आणि मथळ्याचं पान वेगळं होतं.

मराठी सभेची भाषा खरं म्हणजे याबाबतीत किती नेमकी आहे बघा. ठराव मांडणारा सूचक, त्याला दुजोरा देणारा अनुमोदक. मराठीत अनुमोदन म्हणजे फक्त सेकंड करणे, ठराव पास होणे अजून दूर आहे. हिंदीच्या सरकारी भाषेत मात्र अनुमोदन म्हणजे सरळ अप्रूव्हल. आता हिंदीतून उतरवलेली परिपत्रकं मराठीत येतात आणि ‘ठरावाला अनुमोदन मिळाले’ असं लिहिलेलं असतं, वाचणाऱ्याने काय समजायचं, एकाने दुजोरा दिला की सगळ्यांनी पास केला? तसंच मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून आपण ते ‘कायम’ करतो. मंजूर नाही करत, कायम करतो. जे झालं ते असंच झालं होतं एवढी ग्वाही. मागच्या सभेत जे झालं ते चांगलं होतं असं कायम करणारा म्हणत नाही. इंग्रजीतलं कन्फर्म तंतोतंत हेच. शब्द आपल्याकडे आहेत हो, वापरायचे कष्ट नकोत.

कन्सेन्टवर मला जास्त बोलायचंय कारण इथे घोळ इंग्रजीतच आहे. 1872 चा करार कायदा सांगतो, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती, आणि ती मोकळ्या मनाची हवी, दबावाखालची नको. म्हणजे कन्सेन्ट हा बरोबरीच्या माणसांतला हो. गोवेकराला हे पुस्तकातून शिकायला नको. आपलं सिव्हिल लग्न आठवा, आधी पहिली सही, म्हणजे आम्ही लग्न करू इच्छितो, मग नोटीस लागते, कोणाला आक्षेप असेल तर येऊ दे, मग थांबून दुसरी सही. दोनदा विचारतात! आणि 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेल्या आपल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे सामायिक मालमत्तेतली जमीन विकायची तर नवऱ्याची एकट्याची सही पुरत नाही, बायकोचीही लागते. सबरजिस्ट्रारकडे ‘तिला माहीत आहे, तिची काही हरकत नाही’ म्हणून चालत नाही, तिची स्वतःची संमती हवी. माहीत असणं, हरकत नसणं आणि संमती असणं या तीन गोष्टी गोव्याच्या बाईमाणसाला कायद्याने वेगळ्या करून दिल्यात.

आणि हाच शब्द प्रदूषण मंडळाच्या कागदावर. कन्सेन्ट टू एस्टॅब्लिश, कन्सेन्ट टू ऑपरेट. पाण्याचा 1974 चा आणि हवेचा 1981 चा कायदा, दोन्हीत कारखान्याला मंडळाची कन्सेन्ट लागते. इथे कन्सेन्ट देणारा कोण, सरकारी मंडळ. ज्याच्या विहिरीत पाणी उतरणार तो नाही. पण मराठीत ‘संमतीपत्र मिळाले’ अशी बातमी आली की कानाला वाटतं लोकांनी संमती दिली. मी संपादक असतो तर या एका ठिकाणी संमती शब्दाला सरळ बंदी केली असती, परवाना म्हणा, मंडळाची परवानगी म्हणा. लोकांना बोलवतात ते जनसुनावणीत, पर्यावरण खात्याच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे, आणि सुनावणी म्हणजे ऐकून घेणे, तिथे मतदान नसतं. तीही बातमीत ‘जनसुनावणी पार पडली’ अशी येते, आणि काही दिवसांनी तीच लोकांच्या होकारासारखी मोजली जाते.

रॅटिफाय म्हणजे आधी करून टाकायचं आणि मग हो म्हणवून घ्यायचं. करार कायद्यातच आहे, तुमच्या नावाने कोणी न विचारता काही केलं आणि तुम्ही नंतर ते पत्करलं, तर आधीच विचारून केल्यासारखं धरतात. यात वाईट काही नाही, अडचणीत चालवावंच लागतं, पूल पडला तर ठरावाची वाट बघत बसणार का. मराठीत याला अगदी अचूक शब्द आहे, कार्योत्तर मंजुरी, आणि तो ऐकला की मला नेहमी कार्याचं जेवण उरकल्यावर आलेलं आमंत्रण आठवतं. पण बातमीत ‘कार्योत्तर’ गळतो आणि ‘मंजुरी’ राहते. रेग्युलराइज त्याचाच चुलतभाऊ, आपल्याकडे बेकायदा बांधकामं नियमित करायचा 2016 चा कायदाच आहे, पण नियमित करणे म्हणजे ते आधी बरोबर होतं असं नव्हे, चूक होती हे मान्य करून पुढे चालू देणे. आणि सगळ्यात हुशार शब्द दुरुस्ती. टाऊन प्लॅनिंग कायद्याच्या 17(2) कलमाखाली शेताचा सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा, झोन केला तेव्हा त्याला मंजुरी म्हटलंच नाही, आराखड्यातली विसंगती दुरुस्त केली म्हटलं. मंजुरी म्हटलं की कोणी मागितली हे विचारता येतं. दुरुस्तीत मागणारा अदृश्य. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले, माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसाला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

‘डीम्ड’ या एका शब्दाची किंमत तर गोव्याने रोख मोजलीय. डीम्ड म्हणजे मानीव, कोणी हो म्हटलं नाही पण म्हटलंय असं धरा. खाणींची लीज संपली, नूतनीकरणाचा अर्ज पडलेला, निर्णय नाही, पण तोवर मुदतवाढ मिळालीय असं धरून खाणी चालल्या. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2014 मध्ये सांगितलं की ती लीज 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, त्यानंतरचं धरून चालणं बेकायदा. 2012 मध्ये खाणी बंद होईपर्यंत जवळजवळ पाच वर्षं सत्तरी-सांगे-डिचोलीत ट्रक रांगेने धावत होते ते कोणाच्याही तोंडून न निघालेल्या होकारावर. पुढे 88 लीजना नूतनीकरण दिलं तेही 7 फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने रद्द केलं. ट्रकवाल्याला बँकेने लोन सँक्शन करताना ती पाच वर्षं मानीव आहेत असं कोणी मराठीत सांगितलं होतं का? हप्ते मात्र मानीव नव्हते.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो मला पटतो पण. एक वकील मित्र म्हणाला, तू लोकांना बारा शब्द शिकवणार, सरकारी माणसाला तेच हवंय, शब्द जितके जास्त तितकं लपायला सोपं, साध्या माणसाला एक शब्द पुरे. अर्धं खरं आहे. काकांनी कन्सेन्ट आणि अप्रूव्हलमधला फरक पाठ करावा अशी माझी अपेक्षा नाहीच. पण मग शब्द राहू दे, तीन गोष्टी साध्या मराठीत लिहा, कोणी हो म्हटलं, नेमकं कशाला, आणि ते परत घेता येतं का. एवढं न लिहिता ‘मान्यता मिळाली’ लिहिणारा माणूस सोपं करत नाही, गाळतोय.

आणि सोपेपणाचंच म्हणाल तर आपल्या देवळात या कामाची शिस्त कुठल्याही खात्यापेक्षा जास्त आहे. देवाला प्रसाद लावतात, म्हणजे मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल मागतात, पाकळी उजवी पडली तर हो, डावी तर नाही. पण त्याआधी काय करतात? प्रश्न नीट सांगतात. अमक्याच्या घरचं अमुक कार्य, या महिन्यात करू का, असं स्पष्ट. उजवी पडली म्हणून त्याच होकारावर कोणी पुढच्या वर्षीची जमीन विकत नाही. गाऱ्हाण्यातसुद्धा एकेक वाक्य संपलं की ‘व्हय म्हाराजा’, वाक्यावाक्याला वेगळा व्हय, शेवटी एकदाच ठोक नाही.

त्यामुळे 16 जानेवारी 1967 च्या मतदानाला आपण जनमत कौल म्हणतो ते मला फार बरोबर वाटतं. कायद्यात नाव साधं होतं, ओपिनियन पोल, रेफरेंडम म्हटलं नव्हतं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं, प्रश्न एकच. वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाला 1,38,170. आमचे आजोबा फुलाचे, उघड. आजीने शेवटपर्यंत सांगितलं नाही. हरलेल्या बाजूलाही काय विचारलं होतं आणि काय उत्तर आलं याबद्दल शंका उरली नाही, आजोबा पुढे कित्येक वर्षं कुरकुरले पण आकडा कधी खोटा म्हणाले नाहीत.

1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा राहिली, त्यावरून आपण आजही एकमेकांच्या अंगावर जातो. माझी तक्रार दोन्ही बाजूंकडे आहे. ती जागा मिळवायला एवढं भांडलो, आणि मिळालेल्या जागेत लिहितो काय, तर मान्यता, मान्यता, मान्यता.

काकांचं सांगायचं राहिलं. चिऱ्यांच्या प्रकरणानंतर त्यांना शब्दांचा नाद लागला, पत्र आलं की आधी विचारतात, सर, हो तो कसलो? मागच्या ग्रामसभेत एक विषय असाच चर्चेवर सुटला आणि तरुण सेक्रेटरी लिहायला लागला, ‘मान्यता देण्यात आली’. काका उभे राहिले. म्हणाले, मान्यता नाही, नोंद घेतली असं लिही. सेक्रेटरी कंटाळलेला, दीड वाजलेला, पोटात भूक. "काका, मान्यता बरयली काय, नोंद बरयली काय, एकूच न्हय?"

"एकूच जाल्यार मागीर म्हजेंच उतर बरय." एकच असेल तर मग माझाच शब्द लिही.

त्याने पेन थांबवलं, काकांकडे बघितलं, खोडलं आणि नोंद लिहिलं. काका तिथेच उभे राहिले, खोडलेल्या जागी त्याची सही होईपर्यंत.